चिरीवर नजर

परत येताना हिमायतनगरला चहाला थांबलो. आमच्यातला सगळ्यात धाकटा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मागंपुढं करत होता आणि करता करता हळूच म्हणाला, "ताई, अजून दोन मिनिटं मिळाली असती ना..." एवढंच, वाक्य पुरं पण केलं नाही त्यानं. आवाजात तक्रार नव्हती, चिडलेला नव्हता, उलट मला वाईट वाटू नये म्हणून खाली मान घालूनच बोलला. मी "हो रे" म्हणाले आणि बशीत चहा ओतला. पण ते अर्धं वाक्य काही डोक्यातून जाईना. घरी आले, अंघोळ केली, बुटाचा चिखल धुतला, भाकरी टाकल्या, रात्री आडवी पडले तरी ते तिथंच.

कारण ती दोन मिनिटं मी घेतली होती. सहस्रकुंडच्या धबधब्यावर ढग जरा फाटला, पाण्यावर तांबूस उजेड उतरला आणि नेमकं त्याच टायमाला मी सगळ्यांना उठवलं. उचला, मागं या. सगळ्यांनी ट्रायपॉड उचलले आणि आले.

ठरवाठरवी सुरू झाली होती ऑगस्टमधे. आमचा ग्रुप म्हणजे नांदेडातली वेगवेगळ्या कामाधंद्यातली माणसं, कुणी बँकेत, कुणी शाळेत, एकाचं मेडिकल, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका, एक-दोन कॉलेजची पोरं आणि मी. एकमेकांच्या घरी जाणंयेणं फारसं नाही पण पहाटे उठायला कुणी कुरकुर करत नाही, एवढ्यावर जमलेलं आहे सगळं. कुणीतरी टाकलं की एकदा सूर्योदयाला धबधबा करू. कोकणातल्या नाहीतर पुण्याकडच्या माणसाला हे वाक्य काहीच वाटणार नाही, तिकडं पावसाळ्यात घाटात गाडी उभी केली की धबधबा. आपल्याकडं आधी हिशेब मांडावा लागतो. पाऊस किती झाला, तलाव भरला का, सांडवा सुटला का, सुटला असंल तर आपण जाईपर्यंत टिकंल का. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सहाशे-सातशे मिलिमीटर पडतो, तोही बराचसा परतीच्या भरवशावर, त्यामुळं आपला धबधबा एखाद्या वर्षी येतच नाही आणि एखाद्या वर्षी सप्टेंबरात असा येतो की काढणीला आलेलं सोयाबीन घेऊन जातो. हे माहीत असलेली माणसं धबधबा बघायला जाताना थोडी बिचकतच जातात, निदान मी तरी.

पहिलं नाव निघालं अजिंठ्याचं. वाघोरा नदी जिथून घोड्याच्या नालेसारख्या दरीत उतरते ते सप्तकुंड पावसाळ्यात खरंच बघण्यासारखं असतं, पण लेणी उघडतात नऊ वाजता आणि सोमवारी बंद, सूर्योदयाचा प्रश्नच मिटला. समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट आहे, १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला जिथून लेणं दिसलं म्हणतात तो, पण तिथून पाणी लांब पडतं. वेरूळला एकोणतीस नंबरच्या लेण्याजवळ सीतेची न्हाणी आहे, तर वेरूळची सगळी रांग पश्चिमेकडं तोंड करून, सूर्य डोंगराच्या पाठीमागून येणार आणि पाणी बराच वेळ सावलीत राहणार. तिथं संध्याकाळी जावं. नळदुर्गचा नर-मादी धबधबा माझ्या फार आवडीचा आहे, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल करायची बुद्धी ज्याला सुचली त्याला हात जोडावेत, ही गोष्ट १६१३ ची, इब्राहिम आदिलशहाच्या काळातली. पण तलाव काठोकाठ भरल्याशिवाय नर-मादी वाहत नाहीत आणि त्या वर्षी तिकडून अजून तशी बातमी नव्हती. बीडकडं कपिलधार, सौताडा. सौताड्याच्या दरीत ऊन फार उशिरा उतरतं आणि नांदेडहून ते लांबही पडतं. असं करत करत सहस्रकुंड उरलं. नांदेडहून शंभरेक किलोमीटर, भोकर-हिमायतनगर करत इस्लापूर, आणि पैनगंगा भरून चाललीय ही पक्की खबर. अलीकडं मराठवाडा, पलीकडच्या काठाला विदर्भ, मधे काळाकभिन्न खडक आणि त्याच्या फटीफटीतून फुटलेलं पाणी.

जागा ठरली तशी ग्रुपवर रोजची चर्चा. सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य सहाच्या थोडा पुढं निघतो, म्हणजे निळा उजेड साडेपाचपासून, म्हणजे ट्रायपॉड लावून तयार पाच वीसला, म्हणजे नांदेड सोडायचं अडीचला. गाडीत एसी लावायचा नाही, कारण थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की लेन्सवर वाफ धरते आणि पुसून पुसून पंधरा मिनिटं जातात. ओल्या खडकाची चमक मारायला पोलरायझर, ऊन आल्यावर शटर जास्त वेळ उघडं ठेवता यावं म्हणून उजेड कमी करणारा एनडी फिल्टर, तुषार पुसायला सुती गमछा. खाली रबरी तळ असलेली चप्पल कुणी घालायची नाही. मला हे सगळं टाईप केलेलं वाचायलासुद्धा आवडतं. पहाटेच्या आधीची ही तयारी, कुणी थर्मास आणणार, कुणी गाडीत मागं बसणार, यात जो जीव लागतो तो मला लग्नकार्यातसुद्धा लागत नाही.

मग काकांचा मेसेज आला. काका कमी लिहितात. त्यांनी लिहिलं की आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं असलं तरी त्याला अर्थ नाही, हिंगोलीकडं रात्री पाऊस झाला की कयाधूचं पाणी पैनगंगेत येतं, वर इसापूरचं धरण आहे, तिथल्या दरवाजांची चौकशी मी आदल्या रात्री करतो. आणि खाली एक ओळ. आपल्यातला एक जण कॅमेरा उघडणार नाही, तो वरच्या अंगाला तोंड करून उभा राहील आणि फक्त पाण्याकडं बघंल, तो म्हणंल तेव्हा सगळ्यांनी उठायचं, विचारायचं नाही कामून म्हणून.

बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं.

मग मेडिकलवाल्या दादांनी लिहिलं, "मी एवढ्या लांब फोटो काढायला येणार आहे, राखण करायला नाही." आणि त्यांनी नाव काढून घेतलं. मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. आठवडाभर दुकानात उभं राहणारा माणूस, एक रविवार मिळतो, त्या रविवारी पहाटे अडीचला निघायचं आणि पाठमोरं उभं राहायचं, कुणाच्याही जिवावर येईल. आणि लँडस्केप करणाऱ्याला हे अजूनच अवघड, कारण तो उजेड पुन्हा तसा येत नाही हे त्यालाच सगळ्यात जास्त माहीत असतं. कुणीतरी लिहिलं आळीपाळीनं करू, दहा-दहा मिनिटं. काका म्हणाले नाही, मधेच बदललेल्या माणसाला आधी पाणी कुठं होतं ते कळत नाही. तेव्हा मी लिहिलं, मी उभी राहते.

घरात हे सांगितलं तर मिस्टरांनी विचारलं, मग जातीयस कशाला? प्रश्न बरोबर होता. त्याग वगैरे काही नव्हता त्यात. मला ते काम येत होतं, एवढंच. लहानपणी केलेलं होतं.

आमचं गाव औशाकडचं. मार्च संपला की आडाला तळ लागायचा आणि मग टँकर. टँकर यायचा कधी ते नक्की नाही, सकाळी म्हणून निघालेला दुपारी चारला यायचा, कधी यायचाच नाही. तो आला की पाणी थेट आडात सोडायचे आणि मग ज्याचा दोर आधी पडंल त्याचं पाणी, मागून येणाऱ्याला गाळ. म्हणून लेकरांची पाळी असायची, गावाबाहेर रस्ता वळतो तिथं बाभळीखाली बसून रस्त्याकडं बघायचं. वळणाच्या पलीकडं आधी धूळ दिसायची, मग टप, मग टाकीचा गंजलेला कडा. धूळ दिसली की पळत सुटायचं आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं, आला गं आलाऽ. टाकी दिसेपर्यंत थांबलं तर उशीर व्हायचा कारण बायकांना हातातलं टाकून, घागरी-दोर घेऊन, आडापर्यंत पोचायला वेळ लागायचा. त्यामुळं आम्ही धुळीवरच ओरडायचो. आणि धूळ किती वेळा भलत्याच गाडीची असायची. खताचा ट्रक, वऱ्हाडाचा टेम्पो. बायका पिठाच्या हातानं पळत आलेल्या असायच्या, आडाजवळ येऊन उभ्या राहायच्या, गाडी निघून जायची. मला आता बसून आठवायला लागलं की आश्चर्य वाटतं, कुणी कधी रागावलेलं आठवत नाही. नीट बघत जा असंसुद्धा कुणी म्हटलेलं आठवत नाही. माय घागर तिथंच रांगेला लावून परत जायची, चुलीवरचं बघायला, आणि मी पुन्हा बाभळीखाली.

नंतर २०१६ चा एप्रिल आला आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले त्या गाडीचे. भाऊ लातुरात राहतो, त्यानं मला फोनवर फोटो पाठवला होता तो गाडीचा नव्हता, घरातल्या पडवीचा होता, निळे ड्रम एकाला एक लावलेले आणि प्रत्येकावर झाकण, आणि झाकणावर वीट. का कुणास ठाऊक, त्या विटा माझ्या डोळ्यापुढून जात नाहीत. धबधब्याचे फोटो काढायला मी त्यानंतर लागले. दोन्हीचा काही संबंध असंल किंवा नसंल पण एवढं खरं की उंचावरून पडणारं पाणी बघितलं की मला आधी आनंद होत नाही, आधी पोटात गोळा येतो, केवढं चाललंय. मग मी मनाला सांगते की ते वाया जात नाही, पैनगंगा पुढं वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, कुणाच्या तरी रानाला लागतंय. मन ऐकतं. मग आनंद होतो. हा उशिरा येणारा आनंद फोटोत कसा आणायचा ते मला अजून जमलेलं नाही.

तर त्या रात्री अडीचला निघालो. भोकर गेलं, रस्त्यावर आमचाच उजेड. काकांनी निघतानाच सांगितलं होतं, इसापूरचे दरवाजे बंद आहेत, पण हिंगोलीकडं संध्याकाळी पाऊस झालाय, किती ते कळलं नाही. पोचलो तेव्हा आवाज आधी आला. अंधारात धबधबा दिसत नाही, छातीत ऐकू येतो. डोक्याला टॉर्च बांधून एकामागं एक खडकावर उतरलो, शेवाळ चुकवत, एकमेकांची बॅग धरत. पोरांनी आधीच बघून ठेवलेली एक सपाट शिळा होती, पाण्याच्या कडेला, फारतर वीतभर वर, तिथून सगळ्या धारा एका फ्रेममधे येतात. सगळे ट्रायपॉड तिथंच लागले, पायात पाय.

मी त्यांच्या मागं, थोडी वरच्या अंगाला. जवळच एक मामा जाळं सारखं करत बसले होते, बिडीचा उजेड तेवढा दिसत होता. कोण तुम्ही, कशाला आलात हे झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् तुमी काय करायलात?" म्हटलं पाण्याकडं बघायलेय, वाढतंय का म्हणून. त्यांनी बिडी विझवली, उठून आले आणि माझ्या टॉर्चचा उजेड हातानंच खाली वळवून एका ठिकाणी आणला. खडकात एक आडवी चीर होती, बोटभर रुंद, पाण्यापासून चांगली ओंजळभर वर. चिरीत माती धरलेली, मातीत गवताची दोन पाती, एक लहान खेकडा आत अंग चोरून बसलेला, मुंग्यांची रांग चिरीच्या कडेकडेनं गेलेली. "हिच्यावर नजर ठिवा. पान्याकडं बघू नका ताई, पानी बघत बसलं की डोळा फसतो. पानी चिरीला लागलं की उठायचं." आणि जाऊन बसले पुन्हा जाळ्यापाशी.

डोळा फसतो हे मी तिथंच करून बघितलं. उजाडायला लागलं होतं, निळसर दिसत होतं, मी मिनिटभर धारांकडं एकटक बघितलं आणि मग नजर शेजारच्या खडकावर आणली तर खडक वर सरकायला लागला. संथ, अख्खाच्या अख्खा, आणि तरी जागच्या जागी. अंगावर काटा आला. नंतर घरी येऊन वाचलं तर ही जुनीच गोष्ट निघाली, १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स नावाच्या माणसानं स्कॉटलंडमधे फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच बघितलं आणि लिहून ठेवलं, धबधब्याचा भ्रम म्हणून शास्त्रात ते प्रसिद्ध आहे. एकाच दिशेनं चाललेलं बघून मेंदूतला त्या दिशेचा भाग थकतो आणि मग थांबलेली वस्तू उलट्या दिशेनं हललेली वाटते. मामांनी ॲडम्स वाचलेला असायचं कारण नाही. त्यांनी नदी बघितलेली होती.

मग मी चीरच बघत बसले. पाठीमागं शटरचे आवाज, धबधब्यातून अधूनमधून ऐकू येणारे, कुणी दोन सेकंद म्हणतंय, कुणी म्हणतंय तीन ठेव, निळ्यात फिल्टरची गरज नाही. मला सगळं कळत होतं, कोण काय काढत असंल ते न बघता दिसत होतं आणि मान वळवायची फार इच्छा होत होती. ते खोटं कशाला बोलू. पण चीर बघताना हळूहळू दुसरं काय काय दिसायला लागलं. पाण्याला आपली एक लय असते, ते कडेला चढतं, उतरतं, मधेच जरा जास्त चढतं, पुन्हा उतरतं, तेवढ्यानं घाबरायचं नसतं. खेकडा बाहेर यायचा, आत जायचा. पाण्याचा रंग दुधाच्या चहाचा, आपल्या काळ्या मातीचा. मग काड्या यायला लागल्या. आधी एक-दोन, मग पराट्यांचा एक झुबका, मग कडब्याची पेंढी सुटलेली. रंग जरा घट्ट झाला. पाणी चढलं ते मागं कमी आलं, पुन्हा चढलं ते अजून कमी मागं आलं. मुंग्यांची रांग वाकडी झाली, मधेच तुटली, आणि चिरीतल्या मातीवर पहिला ओला डाग पडला.

मी ओरडले.

आवाज पोचलाच नाही. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही एवढा पाण्याचा जोर होता. दुसऱ्यांदा ओरडले, मग डोक्याची टॉर्च काढून हातात धरली आणि त्यांच्यावर उघड-झाक करत राहिले. धाकट्यानं पहिल्यांदा बघितलं. आणि त्याच वेळी मला त्यांच्या पलीकडं दिसलं की ढगाला फट पडलीय, तांबूस पट्टा थेट धारांवर आलाय, उडालेले तुषार पेटलेत. इतक्या वर्षांत मी असा उजेड मोजकाच बघितलाय. त्यांनी तो व्ह्यूफाइंडरमधे बघितला आणि तसाच सोडला. काकांनी सांगितलं होतं विचारायचं नाही, कुणी विचारलं नाही. ट्रायपॉड मिटायला पण थांबले नाहीत, तसेच उघड्या पायांचे खांद्यावर टाकून वर आले.

पाणी चिरीवरून गेलं, शिळेवर आलं, चार बोटं चढलं आणि थांबलं. जिथं ट्रायपॉड होते तिथून नुसतं गुळगुळीत वाहत राहिलं. ढग मिटला, उजेड गेला. पोरांनी वरून काही फोटो काढले पण वरून त्या धारा एकावर एक येतात, खोली जाते. बँकेतले एक जण म्हणाले, चार बोटं पाण्यात काय वाहून जातंय माणूस. ते वाईट अर्थानं म्हणाले नव्हते, मनातला उजेड गेल्याचं दुःख होतं ते. काका शिळेकडं बघत म्हणाले, "चार बोटांवर थांबलं हे आता कळलं आपल्याला."

मला हे सगळं आठवून आठवून पटतं आणि तरी त्या पोराचं अर्धं वाक्य टोचतं, दोन्ही एकाच वेळी. मी बरोबर केलं याबद्दल मला शंका नाही. पुन्हा तीच वेळ आली तर त्याच ओल्या डागावर उठवीन, उजेड कितीही तांबूस असो. पण बरोबर केल्यानं त्याचं गेलेलं काही भरून येत नाही ना. पाणी डोक्यावरून गेलं असतं तर त्यानं मला थँक्यू म्हटलं असतं आणि सगळं सोपं झालं असतं. चार बोटांवर थांबलेल्या पाण्याचं कुणी काय करायचं? त्याच्या मनात तो फोटो कायम न काढलेलाच राहणार आणि त्याच्याशेजारी माझी टॉर्च.

अजिंठ्याचं बोलताना रॉबर्ट गिलचा विषय निघाला होता आमच्यात. १८४४ मधे तो तिथं चित्रांच्या नकला करायला आला, वर्षानुवर्षं राहिला, त्याची बहुतेक मोठी चित्रं १८६६ मधे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली आणि उतारवयात त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा, औषधांच्या बाटल्या. पोरं त्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होती आणि मला सारखं वाटत होतं, वाघोरा ओलांडताना त्या प्लेटा कुणाच्या डोक्यावर असतील, पाणी आलं म्हणून कुणी सांगितलं असंल. गावातलंच कुणीतरी. फोटोत ती माणसं असली तरी लेण्याचा आकार कळावा म्हणून खांबापाशी उभी केलेली असणार.

ग्रुपवर नंतर सगळ्यांचे फोटो आले. सुंदर आहेत, मनापासून सांगते. एकानं मात्र पाणी निळं केलंय. लांब शटरनं ते मिल्की होतं ते मला चालतं, ते डोळ्याला दिसत नसलं तरी वेळेचं खरं चित्र असतं, त्या दोन-तीन सेकंदांत पाणी कुठं कुठं होतं ते सगळं त्यात येतं. पण रंग बदलून आपल्या गढूळ पाण्याला डोंगरातलं निळं पाणी करायचं हे मला बघवत नाही. मी तसं लिहिलं. तो गढूळपणा म्हणजे हिंगोलीतल्या कुणाच्या तरी वावराची माती आहे, रात्रीच्या पावसानं निघालेली, ती स्लायडर ओढून पुसू नका. वाद झाला थोडा, कुणी म्हणालं फोटो म्हणजे पंचनामा नाही. असंल. पण पराट्या आणि कडबा बघितलेल्या माणसाला ते पाणी निळं दिसू शकत नाही.

माझ्याकडं त्या सकाळचा एकच फोटो आहे, मोबाईलवर काढलेला, मामा गेल्यावर लगेच. चीर, माती, गवताची दोन पाती. टॉर्चचा उजेड जास्त झालाय, खेकड्याचा एक पायच तेवढा आलाय. कुणी बघितला तर म्हणंल हा कशाचा फोटो. काकांना पाठवला तर त्यांनी विचारलं, चीर पाण्यापासून किती वर होती, ओंजळ म्हणजे नक्की किती, आणि मला बाजूला बोट धरून फोटो काढायला हवा होता असं समजावून सांगितलं, म्हणजे पुढच्या वेळी माप कळतं.

आता सौताड्याचं चाललंय. तिकडं पाऊस झाला, विंचरणा नदी वाहायला लागली. रात्री बीडला मुक्काम करायचा आणि पहाटे निघायचं. ऊन दरीत उशिरा उतरतं याचा फायदाच आहे, सूर्य निघाल्यावरसुद्धा खाली बराच वेळ मऊ उजेड राहतो आणि पांढरं पाणी जळत नाही. पण सहस्रकुंडची पद्धत तिथं चालणार नाही. रामेश्वराच्या देवळापाशी खाली उतरलेल्या माणसाला वरची नदी दिसतच नाही, कडाच आडवा येतो. म्हणजे एक जण वर पाहिजे आणि एक जण खाली, वरच्यानं सांगितलेलं खालच्यानं पोचवायचं. मोबाईलला दरीत रेंज मिळंल याचा भरवसा नाही आणि माणसाचा आवाज पाण्यापुढं टिकत नाही हे कळलेलं आहे. म्हणून शिट्ट्या घेतल्यात, आमच्यातल्या पीटीच्या सरांनी त्यांच्या शाळेत वापरतात तसल्या, धातूच्या. वर काका उभे राहणार, खाली मी. एक लांब शिट्टी म्हणजे काड्या यायला लागल्यात, सामान आवरतं घ्या. दोन तुटक म्हणजे असाल तसे निघा. पाणी उतरलं, परत जागेवर जायला हरकत नाही, यासाठी तिसरी खूण असावी का नको यावर सध्या वाद चालू आहे. काकांचं म्हणणं, ती खूण ठेवायचीच नाही, एकदा उठलं की उठलं. पोरांचं म्हणणं पाहिजेच, नाहीतर चार बोटांसाठी अख्खी सकाळ जाते. मी यावेळी पोरांच्या बाजूनं आहे. फक्त ती शिट्टी वाजवायच्या आधी ठरलेली चीर पूर्ण उघडी पडून वाळायला लागलेली पाहिजे, एवढी अट मी टाकलीय, आणि तेवढ्या वेळात तांबूस उजेड निघून गेलेला असंल हे पोरांना पण कळतंय, म्हणून अजून कुणी हो म्हटलेलं नाही.